खाडीकाठचा चुना : अलिबाग ते वेंगुर्ले, सात दिवस

हा प्रवास माघ-फाल्गुनात करावा आणि वद्य तृतीयेला अलिबागहून सुरुवात करावी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. तृतीयेला भरती दुपारी सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी आठ-सव्वाआठला. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली असते, त्यामुळे उधाणाचं पाणी मागेही लांब हटतं. महिना निवडला तो चुन्यासाठी. शिंपले गोळा करणं, वाळवणं, भाजणं, भिजवणं, वाहून नेणं ही सगळी कामं पाऊस गेल्यापासून वैशाखापर्यंतची. त्याच दिवसांत किनारा पाहिला की भट्टीची जागा कशी निवडत असतील ते कळतं: वारा कुठून येतो, होडी कुठे लागते, गोडं पाणी किती लांब आहे.

कोकणचा दगड म्हणजे काळा पाषाण आणि जांभा. कितीही भाजले तरी यांचा चुना होत नाही. भट्टीला पुरेल असा चुनखडीचा दगड किनारपट्टीवर जवळजवळ नाहीच. तरीही इथे तटबंद्या, घुमट, हौद, वखारी उभ्या राहिल्या, कारण खाडीच्या चिखलात तिसऱ्या, मुळे, खुबे हे शिंपले आणि खडकांवर कालवं होती. त्यांच्या कवचात नव्वद-पंचाण्णव टक्क्यांहून अधिक कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे चुनखडीत असतं तेच. किनाऱ्यावर मीठ जितकं जुनं, तितकाच हा भट्टीचा धंदा जुना मानायला हरकत नाही. मिठागरांबद्दल लोक बोलतात, चुन्याबद्दल बोलत नाहीत, म्हणून ही वाट.

पहिला दिवस : अलिबाग, रेवदंडा

सकाळी सातलाच किनाऱ्यावर पोचावं आणि ओहोटीत चालत कुलाबा किल्ल्यात जावं. चुन्याच्या प्रवासाची सुरुवात चुना नसलेल्या भिंतीपासून करणं योग्य आहे. कुलाब्याच्या तटाचे मोठे दगड एकमेकांवर नुसते रचलेले आहेत, सांध्यात चुना भरलेला नाही. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं आणि ते पटण्यासारखं आहे. त्यात चुन्याच्या बाजूनेही एक कारण जोडता येतं. शुद्ध शिंपल्यांचा चुना पाण्याखाली कधीच घट्ट होत नाही. त्याला हवा लागते, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊनच तो दगड बनतो. दिवसातून दोनदा बुडणाऱ्या सांध्यात असा चुना भरला तर घट्ट होण्याआधीच तो धुऊन जातो. बांधणाऱ्याला हे ठाऊक असणार.

भरती वर चढायच्या आत परत फिरावं. साडेनऊनंतर किल्ल्यात रेंगाळणं धोक्याचं.

रेवदंडा सतरा किलोमीटरवर. इथला पोर्तुगीज कोट १७४० साली मराठ्यांकडे आला. कोटाच्या भिंतींत, चर्चच्या अवशेषांत आणि सातखणी मनोऱ्याच्या अंगावर जुना गिलावा अजून चिकटून आहे. तो वाचायला शिकावं ते इथेच. गिलाव्यात शिंपल्याचे तुकडे दिसले की बघणारा लगेच म्हणतो, हा शिंपल्यांचा चुना. घाई करू नये. समुद्राची वाळू वापरली तर तिच्यासोबतही शिंपले येतात, पण ते न भाजलेले असतात. त्यांच्यावरची चमक शाबूत असते, कडा टणक असतात. भट्टीतून अर्धवट भाजून आलेला तुकडा खडूसारखा मळकट पांढरा असतो, आकार शिंपल्याचा पण चकाकी गेलेली. त्याच्या आसपास कोळशाचे काळे ठिपके आणि हरभऱ्याएवढ्या चुन्याच्या गाठी असतील तर चुना भट्टीशेजारीच भिजवून फारसा न चाळता वापरला, असं समजावं. हे सगळं नुसत्या डोळ्यांनी आणि साध्या भिंगाने दिसतं. भिंत खरवडायची गरज नाही आणि खरवडूही नये.

दुसरा दिवस : जंजिरा, दिघी, श्रीवर्धन

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात. इथे बघायचे ते आतले गोड्या पाण्याचे तलाव आणि तटाच्या समुद्राकडच्या अंगाचे सांधे. चिऱ्यांची झीज झाली, दगडाला खळगे पडले, पण काही ठिकाणी दोन दगडांमधला सांधा पुढे उभा आहे, हे इथे स्वच्छ दिसतं.

"चुना, शिसं, गूळ आणि वाळू एकत्र करून तट बांधला" हे वाक्य जंजिऱ्यावर हमखास ऐकू येतं. यात दोन वेगळ्या कामांची सरमिसळ झालेली आहे. शिसं चुन्यात कालवत नाहीत. ते ३२७ अंशांना वितळतं, आणि वितळलेलं शिसं दगडाच्या खाचेत किंवा लोखंडी पट्टीभोवती ओततात. त्याने दगड एकमेकांत अडकतो. चुन्याचं काम वेगळं: दगडाला बसायला गादी देणं, भार सारखा वाटणं, पोकळी भरणं. गूळ मात्र खरंच चुन्यात जातो. साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो, त्यामुळे गारा (चुना-वाळूचं कालवण) मऊ होतो, कमी पाण्यात थापता येतो आणि नंतर बारीक छिद्रं भरून निघतात. गूळ जास्त झाला तर मात्र चुना आळसावतो, दिवस लोटले तरी बोट रुततं. हिरड्याचं पाणी आणि बेलफळाचा गर हेही अशाच कामाचे.

हौद आणि तलावांसाठी खरी गोम सुर्खीत आहे. मंद भाजलेल्या विटांची बारीक पूड चुन्याशी ओलाव्यात संयोग करते आणि हवा न लागताही घट्ट होते. १ भाग चुना, १ भाग सुर्खी, १ ते २ भाग वाळू हे पाण्याच्या कामाचं नेहमीचं प्रमाण. वीट जास्त भाजून काळीनिळी झालेली असेल तर तिची पूड नुसती वाळूसारखी पडून राहते, उपयोग शून्य. हौदाचा जुना गिलावा गुलाबीसर दिसला तर तो रंग सुर्खीचा.

आगरदांड्याहून दिघीला जंगलजेटीने पलीकडे आणि संध्याकाळी श्रीवर्धन. इथे चुना किल्ल्यातून बाहेर येऊन वाडीत शिरतो. सुपारीच्या कोळे रोगावर पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारतात: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा (भाजलेला, न भिजवलेला) चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचे, भांडी मातीची, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची. लोखंडी बादली चालत नाही. मिश्रण झालं की त्यात घासलेली लोखंडी सुरी मिनिटभर बुडवायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी चुन्याची निवळी घालायची. असंच फवारलं तर पानं आणि कोवळी फळं भाजतात. चुना जुना, हवा खाल्लेला असेल तर किलोला किलो घालूनही हेच होतं, कारण तो चुना राहिलेलाच नसतो, परत शिंपला झालेला असतो.

तिसरा दिवस : बाणकोटची खाडी

बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला. सावित्रीच्या मुखावरची ही खाडी रुंद आणि गाळाची आहे. १७५६ साली इंग्रजांकडे गेलेला बाणकोटचा किल्ला वरून तिच्यावर नजर ठेवून आहे. आजचा दिवस खाडीकाठी घालवायचा, कारण भट्टी समजून घ्यायची ती अशाच जागी.

कच्चा माल दोन तऱ्हेचा. एक, खाऊन टाकलेल्या तिसऱ्या-मुळ्यांची कवचं, घराघरांमागे साठणारी. दुसरा, चिखलात जुने मेलेले शिंपल्यांचे थर, जे ओहोटीला फावड्याने आणि पाटीने काढून होडीत भरायचे. दुसरा माल जास्त निघतो पण मीठ आणि चिखल घेऊन येतो. म्हणून शिंपल्यांचा ढीग एक पावसाळा उघड्यावर ठेवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय. कोकणच्या पावसात मीठ धुऊन जातं. ही एक पायरी चुकवली तर भिंतीला लोणा लागतो: गिलाव्यावर पांढरी बुरशीसारखी फुलोरी येते, गिलावा पापुद्रे सोडतो, आणि दोष चुन्याला दिला जातो.

भट्टी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांचं गोल कडं, आतून चिखलाने लिंपलेलं. आतला व्यास २ मीटर आणि उंची १.२ मीटर धरली तर पोकळी पावणेचार घनमीटरच्या आसपास. तळाशी चारी बाजूंना हवेची भोकं. आधी सुकं लाकूड आणि झावळ्यांची पेटवण, वर वीतभर शिंपले, वर करवंट्या किंवा कोळसा, परत शिंपले, असे थर. नारळाची सोडणं पेटवायला बरी पण त्यांचा जाळ टिकत नाही. भट्टीत साधारण दोन घनमीटर शिंपले मावले तर वजन साडेसतराशे-अठराशे किलो. १०० किलो शुद्ध कवचातून ५६ किलो कळी निघते आणि ४४ किलो वायू उडून जातो. म्हणजे एका भट्टीला एक टन चुना, फार तर.

जळणाचा हिशेब कागदावर आणि भट्टीत फार वेगळा. एक टन चुन्याला लागणारी उष्णता सुमारे दोनशे-सव्वादोनशे किलो सुक्या लाकडात असते. उघड्या भट्टीत तीन चतुर्थांश उष्णता वर आणि बाजूने निघून जाते, म्हणून प्रत्यक्षात आठशे-नऊशे किलो धरावं. लाकूड ओलं असेल तर याहून जास्त. खाडीकाठचं तिवर हाताशी असल्यामुळे या धंद्यात कांदळवनाचा बळी जाणं सोपं होतं. आज कांदळवन तोडणं गुन्हा आहे, आणि तसंच असायला हवं.

शिंपला भाजायला ९०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, डोळ्याला तांबडा-नारिंगी दिसणारा जाळ. शिंपला पातळ असल्यामुळे उष्णता गाभ्यापर्यंत चटकन पोचते, त्यामुळे चुनखडीच्या दगडाला जिथे काही दिवस लागतात तिथे शिंपल्यांची लहान भट्टी रात्रभरात होते. छोट्या धंद्याला हे फार सोयीचं. मोठी बांधीव भट्टी नको, कायमचा मजूरवर्ग नको, खाडी संपली की पुढच्या खाडीत जाता येतं. म्हणूनच या भट्ट्यांच्या खुणा कमी सापडतात. चिरे दुसऱ्या कामाला जातात, राख पावसात जाते. जमिनीत पांढरट थर आणि लालभडक भाजलेली माती तेवढी उरते. मोठ्या वस्तीजवळ नाव मागे राहतं, मुंबईतली चुनाभट्टी तशी.

वाऱ्याची गोष्ट विसरता कामा नये. दुपारी खारे वारे समुद्राकडून, रात्री मतलई वारे जमिनीकडून. भट्टी दुपारनंतर पेटवली की पहिला जाळ एका बाजूने धरतो आणि मध्यरात्रीनंतर वारा उलटतो. वाऱ्याकडची भोकं वेळेवर अर्धी बुजवली नाहीत तर त्या बाजूचे शिंपले करपतात आणि पलीकडचे कच्चे राहतात. जास्त करपलेला चुना पाण्यात पटकन विरत नाही. तो गिलाव्यात गेल्यावर महिन्यांनी सावकाश भिजतो, फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवून टाकतो. भिंतीवर वाटाण्याएवढे खड्डे आणि प्रत्येकाच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला तर कारण हेच.

थंडीच्या रात्री भट्टीशेजारी ऊब चांगली मिळते. तरी वाऱ्याखालच्या बाजूला, खोलगट जागी कधीही झोपू नये. भट्टीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि धुमसत्या कोळशाचा विषारी वायू त्यात मिसळलेला असतो. झोपलेल्याला कळतही नाही.

चौथा दिवस : केळशी, हर्णै, दाभोळ

केळशी, आंजर्ले, हर्णै हा रस्ता देखणा आहे, पण आज थांबायचं दाभोळला. वाशिष्ठीच्या खाडीवरचं हे जुनं बंदर. खाडीलगतची घुमटाची विजापूरकालीन मशीद अंडा मशीद म्हणून ओळखली जाते. घुमटाच्या बाहेरच्या अंगावर पावसाचं पाणी थांबत नाही ते नुसत्या आकारामुळे नाही. घुमटाचा गिलावा पातळ थरांत चढवून प्रत्येक थर घोटावा लागतो, शेवटचा थर आरशासारखा. एकदम जाड थर दिला तर वरचा सुकतो, आतला ओला राहतो आणि जाळीदार भेगा पडतात.

आता चुना भिजवण्याकडे. भट्टी गार झाल्यावर निघणारी कळी दिसायला शिंपलाच असते, फक्त वजनाला हलकी. हातात घेतली की फरक लगेच कळतो. पाण्याचे चार थेंब टाकले तर सणसणते, वाफ येते, आणि मिनिटांत तिचं पीठ होतं. जो तुकडा तसाच राहतो तो कच्चा. फोडून आतल्या भागावर लिंबू पिळलं आणि बुडबुडे आले तर गाभ्यात शिंपला शिल्लक आहे.

५६ किलो कळीला १८ किलो पाणी रसायनाच्या हिशेबाने पुरतं. प्रत्यक्षात वाफेत बरंच उडतं, म्हणून फक्की (भिजवलेल्या चुन्याची कोरडी पूड) करायची तर दुप्पट लागतं. शिंपडत शिंपडत, ढीग उलथत. गिलाव्यासाठी मळी (भिजवलेल्या चुन्याचा ओला लगदा) हवी असेल तर हौदात आधी पाणी घ्यावं, कळीच्या दोन-तीन पट, आणि कळी पाण्यात थोडी थोडी सोडावी. उलटं केलं, म्हणजे कळीच्या ढिगावर घमेलंभर पाणी ओतलं, तर चुना उसळून तोंडावर येतो. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने निदान वीस मिनिटं धूत राहावं आणि दवाखाना गाठावा. तूप, दूध, तेल घालण्यात वेळ घालवू नये. पाणी कमी पडलं तर चुना स्वतःच्याच उष्णतेने जळून दाणेदार होतो, एकदम खूप गार पाणी ओतलं तर गारठून अर्धवट राहतो. दोन्हीचा दोष एकच: बोटांत चोळल्यावर रवाळ लागतो. चांगली मळी लोण्यासारखी असावी.

खाऱ्या पाण्याने चुना भिजतो, पण भिजवू नये. भट्टी खाडीवर आणि हौद विहिरीशेजारी, ही विभागणी त्यासाठी. मळी चाळून खड्ड्यात ठेवायची, वर चार बोटं पाणी कायम. पंधरा दिवस हे अगदी कमीत कमी, महिने गेले तर उत्तम. पाण्याखाली चुना बिघडत नाही, सुधारतो. त्यानंतर वाळूबरोबर घाणीत मळायचा: गोल दगडी चर, मध्ये खुंट, खुंटाला अडकवलेल्या लाकडी दांड्यावर फिरणारं दगडी चाक आणि बैल. घाटमाथ्यावरच्या किल्ल्यांत अशी चाकं अजून पडलेली दिसतात. चाक नुसतं मिसळत नाही, दाबतं, आणि वाळूच्या प्रत्येक कणाला चुन्याचा लेप बसतो. फावड्याने कालवलेल्या गाऱ्यात हे होत नाही. कालवणारा मग मऊ करायला पाणी वाढवतो, ते पाणी सुकलं की भेग पडते.

पाचवा दिवस : गुहागर, जयगड, रत्नागिरी

दाभोळ-धोपावे फेरीबोट, गुहागर, मग तवसाळ-जयगड दुसरी फेरीबोट. दिवस प्रवासात जातो आणि जावा. पाच दिवसांत ही चौथी फेरी. प्रत्येक खाडीने रस्ता तोडलेला आहे आणि जुन्या काळी जड माल याच खाड्यांतून हलायचा. शिंपले होडीने नेणं निर्धोक, कळी नेणं जोखमीचं. बुडाशी पाणी झिरपलं तर कळी तापते, फुगते, फळ्या उचकटते आणि पेटवूही शकते. म्हणून शहाणा माणूस कच्चा माल बांधकामाजवळ आणून तिथेच भाजतो, किंवा फक्की करून नेतो.

रत्नागिरीत आणि वाटेतल्या गावांत जांभ्याच्या जुन्या भिंतींना अलीकडे भरलेल्या सिमेंटच्या दरजा (सांध्यांतला भराव) बघाव्यात. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सोडतो. सांध्यात चुना असेल तर ओल सांध्यातून बाहेर पडते आणि मीठ चुन्यात साठतं. चुना झिजतो, दहा-वीस वर्षांनी पुन्हा भरता येतो. सांध्यात सिमेंट असेल तर ओलीला वाट चिऱ्यातूनच, मीठ चिऱ्यात फुलतं आणि चिरा पिठासारखा झडतो. शेवटी सिमेंटची जाळी पुढे आलेली आणि चिरे खोल गेलेले, असं उलटं चित्र तयार होतं. हे दुरुस्त करता येत नाही. इतक्या मेहनतीने उभी राहिलेली भिंत एका पोत्याच्या घाईपायी जाते, याचं वाईट वाटतं.

सहावा दिवस : मालवण, सिंधुदुर्ग

कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गाचा पाया २५ नोव्हेंबर १६६४ रोजी घातला गेला आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. बेट ४८ एकरांचं, तटाची वेडीवाकडी लांबी सुमारे ३ किलोमीटर, उंची ३० फूट, रुंदी १२ फूट. पायात शिसं ओतल्याचं सगळे सांगतात. चुन्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही, म्हणून ढोबळ का होईना, मांडून बघू.

या मापांनी तट एक लाख घनमीटरच्या घरात जातो; हात राखून नव्वद हजार धरू. दगडच जास्त असणार, तेव्हा गारा फक्त दहा टक्के धरू: ९ हजार घनमीटर. १ भाग चुना २ भाग वाळू या प्रमाणाला सुमारे ४ हजार घनमीटर मळी लागेल. तेवढ्या मळीत कोरडी कळी अठराशे टन. सगळा चुना शिंपल्यांचा धरला तर सव्वातीन हजार टन शिंपले. बाणकोटला मापलेल्या भट्टीने एका वेळी एक टन, म्हणजे अठराशे भट्ट्या. तीन वर्षांतले कोरडे महिने एकवीस, दिवस सहाशे तीस. रोज तीन भट्ट्या, एकही दिवस न चुकता, तीन वर्षं. आणि जळण दीड हजार टनांच्या आसपास. गारा दहाऐवजी पाच टक्के धरला तर सगळे आकडे अर्धे करा, तरी चित्र बदलत नाही. तट बांधणाऱ्या पाथरवटांइतकीच माणसं खाड्यांत शिंपले काढत, होड्या हाकत आणि भट्ट्या राखत असली पाहिजेत.

किल्ल्यात महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे घुमट्यांत जपलेले आहेत, चुन्याच्या लादीवर उमटलेले. दर्शन घेताना चुन्याकडेही बघावं. असा ठसा उमटायला चुना नेमक्या अवस्थेत लागतो: बोट लावलं तर चिकटत नाही, दाबलं तर दबतं. फार ओला असेल तर हात उचलताना कड उचलून येते, सुकला असेल तर तडा जातो. ही संधी तासाभराची, वारा असेल तर त्याहून कमी. त्यानंतर चुन्याने हवा घेत घेत तो आकार दगडात धरून ठेवला.

मालवणच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. इथून प्रवाळ किंवा शंख-शिंपले उचलू नयेत. प्रवाळापासूनही उत्तम चुना होतो, आणि चुन्यासाठी प्रवाळ काढलं गेलं अशा काही किनाऱ्यांवर ते परत आलेलं नाही किंवा फार हळू आलं.

दुपारी उशिरा बाजारात तिसऱ्या, खुबे विकायला बसलेल्या बायकांच्या पाट्या दिसतात. शिनाणे मिळाले तर तेही. खाऊन उरलेली कवचं आता कचऱ्यात जातात.

सातवा दिवस : वेंगुर्ले

डचांची वखार सतराव्या शतकातली. छप्पर नाही, भिंती उभ्या आहेत आणि त्यावर झाडं. पिंपळ-वडाची मुळं चुन्याच्या सांध्यातून ओल शोधत आत जातात. मूळ ओढून काढलं तर चुना आणि चिरे सोबत येतात, म्हणून ते कापून आतच मारावं लागतं आणि पोकळीत पातळ चुना ओतून भरावं लागतं. अशा भिंतीवर दरजा भरायचं काम कुठे चालू दिसलं तर मिश्रण विचारून घ्यावं. १ भाग मुरवलेली मळी, अडीच ते तीन भाग धुतलेली खरखरीत वाळू, सांधा आधी ओला केलेला, भरल्यावर आठवडाभर ओलं पोतं, हे बरोबर. मे महिन्याच्या उन्हात उघडा ठेवलेला सांधा हवा घेण्याआधीच सुकून भुसभुशीत होतो, आणि मुसळधार पावसात भरलेला हवाच घेत नाही.

वखारीतून बाजारात यावं. पानाच्या टपरीवर डबीत चुना आहे, हार्डवेअरच्या दुकानात पोत्यात आहे. पोत्यातला चुना आता बहुतेक राजस्थानच्या चुनखडीचा, रेल्वे-ट्रकने येणारा. पोरबंदरला १९१४ साली सिमेंट निघू लागलं, त्यानंतर बांधकामातून चुना मागे हटत गेला आणि खाडीवरच्या भट्ट्याही.

पोतं घ्यायचं तर शिवण ताजी आहे का बघावं, भिंतीला टेकलेलं आणि तळाशी घट्ट झालेलं घेऊ नये. मूठभर फक्की पाण्यात घालून तासाभराने वरचं पाणी बघावं. चांगल्या चुन्याची निवळी स्वच्छ असते, आणि उघडी ठेवली की तिच्यावर काही वेळात पातळ साय धरते. बोटाने उचलली तर ती चुरचुरते. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट परत तयार व्हायला लागलेलं असतं.